वाटून खाण्याची भाकर

प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणताना मराठी ख्रिस्ती माणूस देवाकडे रोजची भाकर मागतो. वसईच्या किनाऱ्यावर भात खाणारा आणि तांदळाच्या पिठाची भाकरी थापणारा कुपारी असो, मुंबईच्या गावठाणातील कुटुंब असो, की गोदावरीच्या काठी बाजरी पिकवणारा निफाड तालुक्यातील शेतकरी असो. प्रार्थनेतला शब्द सर्वांचा एकच. योहानच्या शुभवर्तमानात प्रभू स्वतःला जीवनाची भाकर म्हणवतो, तेव्हाही मराठी कानांना गव्हाच्या खमिरी पावाची आठवण होत नाही. तव्यावरून उतरून चुलीच्या आरावर टम्म फुगलेली भाकरीच डोळ्यांपुढे उभी राहते. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ 'भाकरीचे घर' असा आहे, हे तर आपण नाताळच्या प्रवचनात अनेकदा ऐकलेले आहे.

मग नाताळच्या किंवा एखाद्या वाढदिवसाच्या निमित्ताने आपल्या घरांतून जो 'केळ्याचा केक' होतो, ज्याला इंग्रजी 'बनाना ब्रेड' म्हणजे केळ्याची भाकर असे म्हणते, त्याचे आपल्या भाकरीशी काय नाते? वरवर पाहता काहीच नाही. तो पदार्थ दूरदेशीचा, आणि त्याचे नावही परके. परंतु आपल्या प्रदेशात भाकरीचा, पावाचा आणि केळ्याचा इतिहास बाजूबाजूला ठेवून वाचला, तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. या देशात अन्नाचा इतिहास हा पुष्कळ अंशी 'कोणी कोणाच्या हातचे खावे' याचा इतिहास आहे. त्या इतिहासात या साध्या पदार्थालाही एक जागा आहे, असे मला वाटते. ती कोणती, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आपण प्रारंभ गोदाकाठापासूनच करू. नाशिकहून गोदावरी पूर्वेकडे वाहू लागली की निफाड तालुक्यात तिच्या काठी सायखेडा हे गाव लागते. समोर चांदोरी, आणि आणखी खाली गेले की नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा. तेथील पाणथळ जागेला २०२० साली रामसर यादीत स्थान मिळाले. महाराष्ट्रातील ती पहिलीच. द्राक्षे, कांदा, ऊस अशा बागायती पिकांमुळे हा तालुका आज संपन्न समजला जातो. पण नदी जसे देते तसे नेतेही. वरच्या धरणांतून पाणी सुटले आणि पाऊस थांबला नाही, की सायखेडा आणि चांदोरी या दोन्ही गावांना पुराची धास्ती असते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये येथील घरांत व दुकानांत पाणी शिरले होते. पुरात सर्वांत आधी भिजते ती चूल. ज्याच्या घरची चूल कोरडी राहिली, त्याच्याकडे मग गाव पाहते. अशा वेळी भाकरी कोणाच्या हातची, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

पण पूर ओसरला की हा प्रश्न पुन्हा डोके वर काढी. या भागातील भाकरीचा जुना इतिहास सांगायचा तर बलुतेदारीचा उल्लेख टाळता येणार नाही. गावकामाच्या मोबदल्यात महार आणि मांग समाजाला जे मिळे, त्यात घरोघर फिरून गोळा केलेल्या शिळ्या भाकरतुकड्यांचा वाटा असे. ती भाकरी वरून, अंतर राखून, पदरात टाकली जाई. देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचा हात एकमेकांना लागू नयेत, ही त्या व्यवहाराची पहिली अट होती. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मृत जनावराचे मांस आणि असे उष्टेशिळे तुकडे सोडून देण्याचे आवाहन केले. पुढे १९३० च्या २ मार्चला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्याला त्यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. भाकरीचा तुकडा नाकारणे हे माणूसपण मागण्याचे पहिले पाऊल होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनांची साखळी नीट समजते.

नाशिक-नगर भागातील आपल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज याच समाजांतून आले. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी नगर जिल्ह्यात कार्य आरंभले. त्यातून उभी राहिलेली अनेक धर्मग्रामे पुढे पुणे धर्मप्रांतात मोडू लागली, आणि १९८७ साली नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. या सर्व काळात आपल्या वाडवडिलांना एक टोमणा सतत ऐकावा लागला: 'हे पोटासाठी ख्रिस्ती झाले.' दुष्काळात मिळालेले धान्य, पुढे परदेशी मदतीतून आलेली दुधाची भुकटी आणि गहू यांचा हवाला देऊन हा टोमणा मारला जाई. त्याला उत्तर देण्याची फारशी गरज नाही. उपाशी माणसाला भाकर देणे हा गुन्हा नव्हे, आणि ती घेणे ही लाजही नव्हे. मात्र एवढे म्हणता येईल की, ज्यांना पिढ्यान्पिढ्या तुकडा वरून टाकला गेला, त्यांना वेदीपाशी प्रथमच एकाच भाकरीतून सर्वांबरोबर वाटा मिळाला. पोट भरण्याहून ही गोष्ट वेगळी होती.

आता किनाऱ्याकडे वळू, कारण पावाचा इतिहास तिकडे सुरू होतो. 'पाव' हा शब्द पायाने पीठ तुडवतात म्हणून पडला, किंवा चार तुकड्यांपैकी एक म्हणून पडला, अशा कथा लोक सांगतात. त्या केवळ गमतीच्या. पोर्तुगीज भाषेत भाकरीला 'पाँव' अशा उच्चाराचा जो शब्द आहे, तोच मराठीत आणि कोंकणीत स्थिरावला. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांच्या सैन्याने ती जिंकून घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिली. या दोनशे वर्षांत गव्हाच्या खमिरी पावाची सवय किनाऱ्याला लागली. युरोपात दारू गाळणाऱ्यांकडील फेसापासून पावाला खमीर मिळे. येथे ते कोठून आणायचे? गोव्यात आणि उत्तर कोकणात या अडचणीवर माडाने तोड काढली. ताजी माडी आपोआप आंबते. ती पिठात घातली की पीठ फुगते. गोव्यातील पाव भाजणाऱ्याला 'पोदेर' म्हणतात; तोही शब्द पोर्तुगीजच. गोव्याचे पोदेर पुढे मुंबईत आले आणि त्यांच्या भट्ट्यांनी शहराला पावाची चटक लावली. वसई-मुंबईच्या आपल्या बांधवांच्या लग्नघरी होणारे फुगे आणि आपाप हे याच आंबवण्याच्या विद्येचे वारस आहेत.

पण माडीने आंबवलेला, परधर्मीयाने मळलेला हा पाव सनातनी समाजाला कसा चालावा? उत्तर कोकणात एक लोककथा पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. गावच्या विहिरीत पाव टाकला गेला, नकळत सारा गाव ते पाणी प्याला, आणि गाव बाटला. कथा म्हणूनच ती घ्यावी. इतक्या मोठ्या धर्मांतराची कारणे विहिरीत मावणारी नसतात. तथापि कथा खरी नसली तरी तिच्यातील भीती खरी आहे. पावाचा एक तुकडा पाण्यात पडला, तर संपूर्ण गावाला आपल्या नातलगांच्या पंक्तीतून उठावे लागे, हे त्या काळच्या लोकांना अगदी संभवनीय वाटत होते. बाटला म्हणून परत न घेतलेल्या माणसाने मग कोठे जायचे, हा प्रश्न ती कथा सांगणाऱ्यांनी क्वचितच विचारला.

हे फार जुने झाले, असे कोणी म्हणेल, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे उदाहरण पाहू. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी केवळ हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रातून प्रसिद्ध केली आणि पुण्यात मोठे ग्रामण्य उद्भवले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बाळ गंगाधर टिळक यांच्यासारख्यांचीही नावे त्या यादीत होती. १८९२ साली रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले, आणि त्यांच्या सुधारक मित्रांना त्याचे दुःख झाले. देशाच्या भवितव्याचा विचार करणाऱ्या पुरुषांना एका बिस्किटाने दोन वर्षे धारेवर धरले! भट्टीत भाजलेल्या पिठाच्या एका चकतीत एवढे सामर्थ्य होते, कारण ती ख्रिस्ती घरात, ख्रिस्ती हाताने पुढे केलेली होती.

स्त्रियांची कहाणी याहून हृद्य आहे. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. सायखेड्याच्या वरच्या अंगाला, याच गोदावरीच्या काठी. सोवळ्याचा अतिरेक त्यांनी माहेरी पाहिला होता. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यायची नाही, असा वडिलांचा दंडक होता. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहावयास आल्या, तरी पाणी आणि स्वयंपाक वेगळा ठेवीत. मग एके दिवशी त्यांच्या मनाने घेतले की, माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही. त्यांनी दुसऱ्यांच्या हातचे खाल्ले. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना हे ठाऊक आहेच. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला त्यापूर्वीच त्यांची पंगत बदलली होती. मन बदलल्याची पहिली खूण त्यांच्या ताटात उमटली.

पावाच्या या प्रवासाचा आणखी एक धागा वसईतून थेट जपानपर्यंत जातो. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया तरुणपणी जपानला गेले, तेथे व्यापार केला, पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, आणि पुन्हा जपानला जाऊन ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे आपल्या पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ साली त्यांना संतपद घोषित झाले. जपानी भाषेत आजही पावाला 'पान' म्हणतात, आणि नागासाकीचा 'कासुतेरा' हा केक प्रसिद्ध आहे. दोन्ही पोर्तुगीज संबंधांची देणगी. मराठी 'पाव' आणि जपानी 'पान' ही एकाच मायशब्दाची दोन लेकरे होत. ज्या जहाजांनी हा शब्द वसईला आणला, त्याच जहाजांच्या वाटेने वसईचा एक मुलगा आपले प्राण देण्यासाठी पूर्वेला गेला.

आता केळ्याकडे वळू. पाव जसा परका ठरला, तसे केळे कधीच ठरले नाही. पापुआ न्यू गिनीत केळीची लागवड हजारो वर्षांपूर्वी होत होती, आणि भारतातही ती फार प्राचीन काळापासून आहे. दाराशी केळीचे खांब, नैवेद्याला केळीचे पान, सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात केळे, उपवासाला केळे, शिकरणीत केळे. साल हे त्याचे नैसर्गिक वेष्टन. म्हणून सोवळ्याओवळ्याच्या काळातही सोलून खायचे फळ कोणाच्याही टोपलीतून घेता येई. ख्रिस्ती जगात तर या फळाला एक वेगळाच मान मिळाला. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या वैद्याचा भारतीय औषधींवरचा ग्रंथ छापून निघाला. त्यात केळ्यांना 'भारताचे अंजीर' म्हटले आहे, आणि ती भाजून, वर दालचिनी घालून खाण्याचा उल्लेखही आहे. एदेन बागेतील निषिद्ध फळ म्हणजे केळेच, अशीही एक समजूत पूर्वी होती. अठराव्या शतकात लिनियसने वनस्पतींना शास्त्रीय नावे देताना तीच आठवण ठेवून केळीला नंदनवनाशी नाते सांगणारे नाव दिले.

वसईच्या आपल्या लोकांनी या फळाकडून आणखी एक गोष्ट साधली. राजेळी जातीची केळी पुरती पिकली की सोलून, उन्हात कित्येक दिवस वाळवून त्यांची 'सुकेळी' करीत. मधासारखी तपकिरी, चिवट, गोड. केळीच्याच वाळल्या पानांत बांधून ती टिकवीत. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आगाशीच्या या सुक्या केळ्यांची नोंद आहे. आता मोजकीच घरे हा उद्योग करतात. सुकेळीचे तत्त्व मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे. केळे हे उतावळे फळ आहे; आज पिकले, उद्या काळे पडले, परवा टाकावे लागले. ते टाकायचे नसेल, तर पाणी काढून वाळवा, किंवा पिठात मिसळून भाजा. वसईने ऊन वापरले. दुसरी वाट जगाने फार उशिरा शोधली.

त्या दुसऱ्या वाटेसाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागल्या. पहिली, खायचा सोडा. अमेरिकेत १८४६ पासून तो कारखान्यातून तयार होऊन किराणा दुकानांत येऊ लागला आणि खमीर नसतानाही पीठ फुगवणे घरोघरी शक्य झाले. दुसरी, स्वस्त केळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्य अमेरिकेतून केळी जहाजांनी उत्तरेकडील शहरांत येऊ लागली. तो व्यापार करणाऱ्या कंपन्यांनी तेथील मजुरांना आणि लहान देशांना कसे वागवले, हा एक दुःखद अध्याय आहे. ताटातील गोडाला कोणाचा तरी घाम लागलेला असतो, याचे स्मरण म्हणून तो विसरू नये. १९२९ साली शेअर बाजार कोसळला, महामंदी आली, आणि काळी पडलेली केळी टाकून देणे गृहिणींना परवडेना. १९३३ साली पिल्सबरी या पीठ कंपनीच्या पाककृतींच्या पुस्तिकेत केळ्याच्या ब्रेडची कृती छापलेली आढळते. त्या दशकात ती घरोघर पोहोचली. म्हणजे हा पदार्थ राजवाड्यातला नव्हे. टंचाईच्या काळात काटकसरीतून जन्मलेला आहे.

जग पुन्हा एकदा घरात कोंडले गेले ते २०२० साली. आपल्या देशात २५ मार्चपासून टाळेबंदी लागू झाली, १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण चर्चची दारे बंद असताना आला, आणि ख्रिस्तप्रसाद ओठांनी नव्हे तर केवळ इच्छेने घ्यावा लागला. त्या महिन्यांत जगभरच्या स्वयंपाकघरांतून केळ्याचा ब्रेड भाजला जात होता, हा निव्वळ योगायोग मानवत नाही. माणसांना काहीतरी स्वतःच्या हाताने करून दुसऱ्याला द्यायचे होते, आणि भेटणे शक्य नव्हते. वेदीवरची भाकर दूर झाली, तेव्हा लोकांनी घरच्या भाकरीचा आधार घेतला. ख्रिस्तप्रसादाशी तिची तुलना अर्थातच होऊ शकत नाही. पण प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पहिले ख्रिस्ती घरोघरी भाकर मोडीत आणि आनंदाने जेवत, असे वर्णन आहे. त्या आनंदाची ही एक दूरची ओळख म्हणावी.

सायखेड्यासारख्या गावातील घरात भट्टी नसते आणि ओव्हनही सहसा नसतो. त्यामुळे काही अडत नाही. पूर्वी वर-खाली निखारे ठेवून पातेल्यात केक भाजीत. नाताळ जवळ आला की मैदा, साखर आणि तुपाचे डबे घेऊन बायका तालुक्याच्या बेकरीत जात आणि बिस्किटे, नानकटाई भाजून आणीत. आज घरचा प्रेशर कुकर तेच काम करतो. रबर आणि शिट्टी काढून टाकावी, तळाशी मिठाचा किंवा स्वच्छ वाळूचा थर द्यावा, त्यावर एक चकती ठेवावी, पाणी मुळीच घालू नये, आणि मंद आचेवर दहा मिनिटे कुकर तापू द्यावा. तोवर तीन पुरती पिकलेली केळी हाताने कुस्करावीत. साल काळी पडली असेल तर घाबरू नये, तीच उत्तम. कच्च्या केळ्यातील पिष्ट पिकताना साखरेत बदलते, म्हणून काळे केळे सर्वांत गोड. त्यात पाऊण कप साखर किंवा किसलेला गूळ, पाव कपाहून थोडे अधिक तेल किंवा पातळ केलेले तूप आणि पाव कप दही घालावे. दीड कप मैदा किंवा चाळलेली कणीक, एक लहान चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून त्यात मिसळावे.

येथे एक गोष्ट भाकरीच्या उलट आहे. भाकरीचे पीठ जितके मळावे तितकी भाकरी चांगली थापते. हे पीठ मात्र जेमतेम कालवावे. गव्हातील चिकट अंश फार घोटला की केक चिवट होतो. दह्याच्या आंबटपणाने सोडा लगेच जागा होतो आणि त्यातून निघणारा वायू पिठाला वर उचलतो. म्हणून कालवल्यावर वेळ दवडू नये. तूप लावलेल्या डब्यात घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर पाऊण तास ते एक तास भाजावे. मध्यभागी सुरी खुपसून ती कोरडी निघाली की झाले. ओव्हन असेल तर १८० अंशांवर साधारण तेवढाच वेळ. गरम असताना कापू नये. दुसऱ्या दिवशी त्याची चव अधिक मुरते, आणि हे बरेच आहे. कारण जो पदार्थ दुसऱ्या दिवशी चांगला लागतो, तो बसच्या पिशवीतून दुसऱ्या गावी नेता येतो. सासरी गेलेल्या लेकीला, वसतिगृहातल्या मुलाला, अंथरुणाला खिळलेल्या आजीला. दात नसलेल्या माणसालाही तो खाता येतो.

इतिहासाकडे पुन्हा एकदा पाहू, म्हणजे या कृतीचा अर्थ उलगडेल. या पदार्थाच्या मुळाशी 'उरलेले' आहे. जे कोणी विकत घेणार नाही असे काळे केळे. आणि आपल्या वाडवडिलांच्या पदरात जे टाकले गेले, तेही उरलेलेच होते. मग फरक कशात? शिळी भाकरी देणाऱ्याने तिच्यात स्वतःचे काही घातले नव्हते. तिला अंतर राखून टाकले होते. येथे देणारा उरलेल्या फळात आपले पीठ, आपले तूप, आपला तासभर घालतो, आणि जे निघते त्यातला पहिला तुकडा दुसऱ्याला देतो. मग स्वतः त्याच्याच शेजारी बसून दुसरा तुकडा खातो. उरलेले खपवणे आणि उरलेल्याला नवे करून वाटणे, या दोहोंत दान आणि सोबत यांच्याएवढे अंतर आहे. युरोपातील अनेक भाषांत सोबत्यासाठी जो शब्द आहे, त्याचे लॅटिन मूळच 'बरोबर भाकर खाणारा' असे आहे.

पवित्र शास्त्रात या दोन्ही गोष्टींचे दाखले आहेत. सारफथच्या विधवेकडे मूठभर पीठ आणि थोडेसे तेल एवढेच उरले होते. तिने आधी एलियासाठी लहानशी भाकर केली, मग स्वतःसाठी आणि मुलासाठी. आणि पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले, ते काही वाया जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या भरल्या. ज्याने एका शब्दाने भाकरी वाढवल्या, त्याला तुकड्यांची काय उणीव? तरी त्याने ते मोलाचे मानले. ज्यांना गावाने तुकड्यांच्या बरोबरीने मोजले, त्यांच्या लेकरांना ही ओळ वेगळी ऐकू येते.

आज गोदाकाठच्या गावांत दिवाळीला शेजारच्या घरून चकली, करंजी, चिवड्याचे ताट येते, आणि नाताळला आपल्या घरून तेच ताट रिकामे न जाता परत जाते. हे सुखाचे आहे. तरीही आपण ख्रिस्ती लोकांनी स्वतःला प्रामाणिकपणे विचारले पाहिजे की, ते ताट कोणत्या दारांपर्यंत जाते आणि कोणत्या दारांवरून पुढे निघून जाते. जातीची आठवण बाप्तिस्म्याच्या पाण्याने आपल्यातूनही पुरती धुतली गेलेली नाही. सोयरीक जुळवताना ती दिसते, कधीकधी पंगतीतही दिसते. पंचहौदच्या बिस्किटाला हसणे सोपे आहे. आपल्या गल्लीत आपण कोणाच्या घरचा चहा टाळतो, हे आठवणे अवघड आहे.

केळ्याच्या केकने असले मोठे प्रश्न सुटत नाहीत. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत पंगत आधी बदलली आणि बाकीचे नंतर आले, एवढे मात्र इतिहासात नमूद आहे. फडताळात तीन केळी काळी पडत असतील, तर ती टाकू नयेत. केक भाजून तो निवला की त्याचे दोन भाग करावेत. एक भाग ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याला द्यावा. आणि दुसरा, ज्याच्या घरी आपले ताट आजवर गेलेले नाही, त्याच्याकडे घेऊन जावे. तेथे बसावे, आणि त्यांनी जे पुढे केले ते आनंदाने खावे.